कावळा लगेच शिवला : ढेबेवाडी खोऱ्यातल्या दोन भावांचं प्रकरण

जानेवारी 2021. कराडच्या एका डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी एक माणूस पाठवला. चाळिशीचा, नवी मुंबईत वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन दिवसभर ट्रक रिकामे करणारा गडी. त्याची तक्रार अशी, की छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं होतं, हातांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता आपण मरतोय असं वाटतं. ईसीजी दोनदा काढून झाला होता, टूडी एको झाला होता. श्वासाचं दुखणं, त्यात साथीचे दिवस, म्हणून चार वेळा स्वॅबही दिला होता. काही निघालं नव्हतं. चिठ्ठीच्या तळाशी डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती : ‘थोरल्या भावाशी बोलणं बंद.’

ती ओळ वाचली आणि मी मनातल्या मनात वाटणीचं प्रकरण म्हणून फाईल लावून मोकळी झाले. आमच्या भागात दोन भाऊ बोलत नसले की मधे बहुतेक बांध असतो, नाहीतर विहीर. पहिल्या दोन बैठका मी सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे हेच खोदत बसले. तोही बिचारा उत्तरं देत राहिला, कारण मी विचारत होते. तिसऱ्या वेळी जायला उठला, दाराशी चप्पल घालता घालता थांबला आणि म्हणाला, “ताई, कावळा लगीच शिवला तर त्येचा अर्थ काय धरायचा?”

मी त्याला परत बसवलं. खरं प्रकरण तिथून सुरू झालं. पुढचं सगळं दोन्ही भावांच्या परवानगीनं लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

घर इथं, पोट तिथं

गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातलं, वांग नदीच्या काठचं. या खोऱ्यात घरटी एक माणूस मुंबईला असतो. पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी हमाल-माथाड्यांची संघटना बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. तेव्हापासून तर वाशी, घणसोली, कोपरखैरणे ही आमच्याकडच्यांना गावाची लांबची वाडीच वाटते. गणपतीला, जत्रेला, भाताच्या लावणीला माणसं येतात. येताना त्यांना ‘मुंबईकर’ म्हणतात, पण त्या म्हणण्यात कौतुक असतं. लाडू-चिवड्याची पिशवी आणि पोरांना नवे कपडे घेऊन येणारा तो मुंबईकर. मे 2020 मध्ये तोच शब्द गावानं दुसऱ्याच सुरात उच्चारला.

या गोष्टीत मुख्य माणसं तिघं : सत्तरी ओलांडलेली आई, शेती बघणारा थोरला आणि मुंबईला असलेला धाकटा. थोरला गावच्या कोरोना समितीत होता. समितीत सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई, शाळेचे गुरुजी आणि गावातली दोन-चार जाणती माणसं. यादी करायची, गावात कोण आलं-गेलं ते बघायचं, हातावर शिक्का आहे का तपासायचं.

मार्चमध्ये गाव मजेत होतं, हे थोरल्यानं स्वतःच सांगितलं. 22 मार्चला संध्याकाळी पाचला सगळ्या गल्लीनं थाळ्या वाजवल्या. आईनं पितळी ताट पळीनं बडवलं. बाकीचे थांबले तरी ती वाजवतच बसली, शेजारणी हसल्या. 5 एप्रिलला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे लावले. तेव्हा तालुक्यात रोग म्हणावा असा पोचला नव्हता. त्या दिवसांतली भीती जत्रेसारखी होती : सगळ्यांनी मिळून करायची आणि मग घरी जाऊन जेवायचं.

मग मुंबईतून आकडे यायला लागले. वाशीच्या बाजारात माथाडी, व्यापारी, ड्रायव्हर एकापाठोपाठ बाधित निघाले आणि 11 मेपासून आठवडाभर बाजार बंद ठेवला. धाकट्याची खोली दहा बाय बाराची, संडास चाळीत सामाईक. तो, बायको आणि दहा वर्षांची मुलगी पास काढून गावी निघाले. वेशीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, बैलगाडी आडवी लावली होती. पलीकडे उभ्या असलेल्या चौघांत थोरला होता. “आलास व्हय,” एवढंच तो म्हणाला आणि हातानं शाळेची वाट दाखवली.

भीतीला जागा होती

इथं जरा थांबते, कारण या भीतीला मूर्खपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. 13 मार्चला महाराष्ट्रानं जो साथरोग कायदा लागू केला तो 1897 चा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना पुण्यात गेल्या, आणि त्यांचं नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. प्लेगात गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिली. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे, तो पुढच्या गावानं आपल्या शिवेतून पुढे ढकलायचा. रोग बाहेरून येतो आणि तो बाहेर ढकलायचा असतो, ही रीत आमच्याकडे पिढ्यांची आहे. 2020 मध्ये फरक इतकाच होता, की शिवेवर गाडा नव्हता, घरचीच पोरं होती.

समितीतल्या एका म्हाताऱ्यानं मला फार नेमकं सांगितलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो तरुण होता. “तवा समदी भ्याली आन् घरातनं भाईर आली. थंडीत एका माळावर, एका शेकोटीला झोपलू. कोन कुनाचं पोरगं मांडीवर घिऊन बसलंय ठावं नव्हतं. ह्या खेपंला समदी भ्याली आन् घरात गेली.” भीती दोन्ही वेळा सगळ्या गावाची. पण भूकंपातल्या भीतीनं माणसं एकमेकांना बिलगली आणि या भीतीचं कारणच समोरचा माणूस होता.

पण याही भीतीला गावानं रूप दिलं होतं, हे ध्यानात घ्यावं लागतं. काट्या टाकणं, पहारा, रजिस्टर, दवंडी, रोजची बैठक. भ्यालेल्या माणसाला करायला काम होतं आणि बरोबर भ्यायला माणसं होती. दुःखासाठी असं काहीच उरलं नव्हतं, हे पुढं दिसेल.

शाळेतले चौदा दिवस

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीन खोल्या, पाच कुटुंबं. फरशीवर खडूनं चौकोन आखून दिलेले. धाकट्याच्या खोलीत आणखी दोन घरं होती, त्यातलं एक बौद्धवाड्यातलं. जेवण घरून यायचं. डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा, ठेवणारा दहा पावलं मागं गेला की आतल्यानं उचलायचा. पहिल्या दोन दिवसांत धाकट्याची बायको चिडून रडली, की आम्हाला कुत्र्यासारखं टाकतात. तेव्हा बौद्धवाड्यातले आजोबा शांतपणे म्हणाले, “पोरी, तुमचं चौदा दिसांत संपंल.” खोलीत कुणी काही बोललं नाही. त्या दिवसांत ‘सामाजिक अंतर’ हा शब्द आपण किती सहज वापरत होतो! शारीरिक अंतर म्हणा, असं जागतिक आरोग्य संघटनाही मार्चमध्येच सांगू लागली होती. ज्या समाजात वरून ओंजळीत पाणी ओतायची आठवण अजून जिवंत आहे, तिथं तरी हा शब्द तोंडात अडायला हवा होता.

मुलीची आठवण मात्र सगळ्यात वेगळी. तिला शाळेतले ते दिवस आवडले होते. अंगणात आंब्याचं झाड, आजीनं डब्यात घालून पाठवलेली करवंदं, रात्री व्हरांड्यात गोष्टी. एकच गोष्ट तिला टोचली. कुंपणापलीकडे तिची मैत्रीण आली, हिनं मुंबईहून आणलेलं चॉकलेट पुढं केलं, मैत्रिणीनं हात मागं घेतला. ते चॉकलेट तिनं खाल्लं नाही, दप्तरात ठेवलं. ते कधी वितळलं ते तिला आठवत नाही.

व्हरांड्यातून घराची कौलं दिसायची. संध्याकाळी आई पडवीत येऊन उभी राहायची आणि पदर हलवायची. इतक्या लांबून तोंड दिसत नव्हतं, पदर दिसायचा. फोनही व्हायचा. पण फोन लावला की आधी ती सरकारी टेप वाजायची, आपल्याला रोगाशी लढायचं आहे, रोग्याशी नाही, आणि मग आईचा आवाज. सहाव्या दिवसापासून पदर दिसेना. थोरला म्हणाला, ऊन लागलंय, पडून आहे.

नवव्या दिवशी पहाटे थोरला भिंतीपाशी येऊन उभा राहिला. “त्येच्या हातात डबा नव्हता,” धाकटा मला म्हणाला. “तवाच कळलं.”

आईचं वय झालं होतं, रक्तदाब होता. कोरोनाची काहीच लक्षणं नव्हती आणि मुंबईहून आलेल्यांना ती भेटलीही नव्हती. पण गावात कुजबुज उठलीच, की रिकाम्या डब्यांबरोबर घरात आला. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी होती, वीससुद्धा आली नाहीत. खांद्याला थोरला, दोन मेहुणे आणि गुरुजी.

धाकट्यानं विचारलं, लांबून येऊ का. आशाताईंचं मत होतं, की मास्क लावून मागून चालू द्यावं, वरिष्ठांना त्या फोन करतील. थोरल्यानंच नाही म्हटलं. आठ दिवस आधी शाळेत ठेवलेल्यांपैकी एका तरण्या पोराला नुकतीच मुलगी झाली होती. लांबून बघून येतो म्हणाला तर याच थोरल्यानं त्याला अडवलं होतं. आता स्वतःच्या भावाला कसं सोडायचं? “लोकांनी तोंडात शेन घातलं असतं,” तो मला म्हणाला. लगेच पुढं, “आन् घातलं असतं तर घालू द्यायला पायजे हुतं.”

शाळेच्या मागच्या खिडकीतून ओढ्याची वाट दिसते. बाकावर उभं राहून धाकट्यानं ते बघितलं. मुलीनं त्याचा सदरा धरला होता. खोलीत तीन घरांची माणसं. रडायला जागाच नव्हती, अगदी खरोखरीची जागा. तो संडासात गेला, नळ सोडला, पण बाहेर पाण्याला बादल्या लागल्या होत्या. नळ बंद करून परत आला.

कावळा

चौदा दिवस पुरे झाल्यावर तो बाहेर आला, म्हणजे दहाव्याला तो होता. नदीकाठी मोजकी माणसं, एकमेकांपासून लांब लांब, सगळ्यांना घरी जायची घाई. एरवी कावळा शिवेपर्यंत माणसं ताटकळतात. कुणीतरी सांगतं, अमक्याचं बघतो म्हण, तमक्याचं लगीन करतो म्हण, आणि मेलेल्याच्या मनात काय अडलंय याचा सगळे मिळून शोध घेतात. धाकट्यानं आपलं वाक्य जुळवून ठेवलं होतं. “आई, मी आलूय, मला सोडलं न्हाई म्हनून आलू न्हवतो.” थोरल्यानं पिंड ठेवला, दोन पावलं मागं सरकला, आणि याचं तोंड उघडायच्या आत कावळा शिवला. “बरं झालं, म्हातारी सुखानं गेली,” कुणीतरी म्हणालं आणि माणसं पांगली.

त्यानं त्याचा अर्थ असा लावला : आईला माझी वाटच बघायची नव्हती.

ही गोष्ट तो सात महिने कुणाला बोलला नाही. बायकोलाही नाही. जुलैत कामावर गेला. दिवाळीच्या आसपास मार्केटात गोणी उचलताना पहिला झटका आला. तो ज्याला छातीची मूठ म्हणतो, तिचं शरीरातलं गणित साधं आहे. घाबरला की श्वास भरभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटं मुंग्यांनी भरतात, गरगरतं. ते बघून माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भरभर श्वास घेतो. श्वास सावकाश सोडायचा, आकडे मोजत, हे मी त्याला शिकवलं. त्यानं झटके सौम्य झाले. पण कावळा तसाच राहिला.

शोक म्हणजे आतून आपोआप वर येणारी उर्मी नाही, समूहानं माणसावर टाकलेलं ते कर्तव्य आहे, असं फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं 1912 मध्ये लिहिलं. विद्यार्थी असताना हे वाक्य मला कोरडं, जवळजवळ निर्दय वाटलं होतं. या प्रकरणानं ते मला उलगडलं. आमच्याकडे मयताच्या घरी दहा दिवस माणसं येऊन बसतात, चूल पेटत नाही, भावकीतून भाकरी-पिठलं येतं. येणारी बाई दारातूनच हंबरडा फोडते. तो हंबरडा तिचा खरा की खोटा, हा प्रश्नच नसतो. तो फुटला की घरातल्यांना रडता येतं. ते काम त्या दहा दिवसांत कुणीच केलं नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये अशा दुःखाला नाव दिलं, ज्याला समाज मान्यता देत नाही, जे उघडपणे करता येत नाही. त्याच्यासमोर वेगळी उदाहरणं होती. इथं मान्यता सगळ्यांची होती, ती द्यायला दारात यायला मात्र कुणी तयार नव्हतं.

आणि हे दोघांच्याही बाबतीत झालं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. धाकट्याला शाळेत कोंडलं होतं, थोरला स्वतःच्या घरात एकटा पडला होता. त्याच्याकडेही कुणी बसायला आलं नाही. ज्या समितीसाठी त्यानं भावाला अडवलं, तिच्यातली माणसं रस्त्यावरूनच “वाईट झालं” म्हणून पुढं गेली.

एकत्र बैठक

फेब्रुवारीत थोरला आला. मी बैठक दवाखान्यात ठेवली होती. धाकटा म्हणाला, शाळेत बसू. मला हे नाटकी वाटलं, मी टाळायला बघितलं. तो हटेना. शाळा तेव्हा बंदच होती. गुरुजींनी कुलूप उघडलं आणि न सांगता कपाटातून रजिस्टर काढून बाकावर ठेवलं. त्यात चौदा दिवसांच्या रोजच्या नोंदी : नाव, ताप, खोकला, तक्रार, सही. धाकट्यानं नववा दिवस काढला. ताप नाही. खोकला नाही. ‘तक्रार नाही.’ खाली त्याची स्वतःची सही. कधी केली ते त्याला आठवत नव्हतं. आई जाळून माणसं परतली, त्या दुपारी कधीतरी केली असणार.

तो बराच वेळ ती सही बघत होता, मग हसला. थोरल्यानं ते हसणं चुकीचं घेतलं आणि उठून उभा राहिला. मी मधे पडणार तेवढ्यात धाकट्यानं, मला विचारला होता तोच प्रश्न, आठ महिन्यांनी भावाला विचारला. कावळा लगीच का शिवला?

थोरला खरोखर गोंधळला. त्याच्या दृष्टीनं यात प्रश्नच नव्हता. “आरं, तू आलास म्हनून शिवला की. तू नसतास तर दीस मावळला असता.”

कावळा एकच. एकानं त्यातून घेतलं की आईला माझं काही नव्हतं, दुसऱ्यानं घेतलं की तिला फक्त याचंच होतं. एरवी दहाव्याच्या रात्री जेवताना कुणीतरी हे बोललंच असतं. त्या वर्षी पंगत नव्हती.

इथं समेट झाला असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. पुढच्या अर्ध्या तासात खरा प्रश्न निघाला : आई तीन दिवस आजारी होती, मला का सांगितलं नाहीस? थोरला म्हणाला, तू भिंत उडी मारून आला असतास. धाकटा म्हणाला, आलोच असतो. त्यावर दोघंही गप्प. मी तो प्रश्न तिथंच सोडला. तो सोडवायची माझी ऐपत नव्हती, आणि अजूनही तो सुटलाय असं मला वाटत नाही.

आशाताईंशी मी वेगळं बोलले. त्यांच्याबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात. रोज शाळेत जाऊन ताप मोजणारी ही बाई सार्वजनिक नळावर गेली की बायका बाजूला सरकायच्या. “थाळ्या आमच्यासाठीच वाजवल्या म्हनं,” त्या म्हणाल्या आणि जोरात हसल्या. नंतर बराच वेळ त्यांनी पदर तोंडाला लावून ठेवला होता.

पुढचं

मार्चपर्यंत झटके जवळजवळ थांबले होते. एप्रिल 2021 मध्ये दुसरी लाट आली आणि ती आमच्या जिल्ह्यात रेंगाळली. त्याच शाळेत विलगीकरण कक्ष झाला, यावेळी गावातल्याच बाधितांचा. आणि विचित्र म्हणजे, रोग कितीतरी जास्त असताना भीती कमी होती. डबे थेट हातात दिले जात होते. माणसं गेली तरी दारात बसायला कुणी ना कुणी येत होतं, मास्क लावून, अंगणात. घरोघरी रोग आल्यावर बाहेरचा म्हणावा असा कुणी उरलाच नव्हता. 2020 बद्दल गावात कुणी बोलत नाही. ती लाज आहे हे मला त्यांच्या वागण्यातून दिसतं : 2021 च्या लावणीला धाकट्याच्या वाटणीच्या वावरात न बोलावता माणसं आली.

मे महिन्यात आईच्या वर्षाला मात्र धाकट्याला यायला जमलं नाही. पुन्हा निर्बंध, पुन्हा जिल्हा ओलांडायला ई-पास. थोरला म्हणाला, तिथीला भटजी मिळंल तवा बघू, तारखंला घास तरी ठेवू. त्यानं कौलांवर पान ठेवलं, धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल पानाकडे रोखून शिडीवर उभा राहिला. कावळा येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. धाकटा कोपरखैरण्यातून म्हणाला, ठिव आता, चार्जिंग संपंल. थोरला म्हणाला, थांब, इतंय. मग तरवा कधी टाकायचा ते निघालं, म्हैस गाभण आहे ते निघालं, मुलीच्या ऑनलाइन शाळेचं निघालं. थोरल्याची बायको खालून ओरडत होती, की शिडी हलतीया, उतरा. पाऊण तास असाच गेला. कावळा आला तेव्हा मोबाइल भलतीकडेच वळलेला होता, धाकट्याला फक्त आभाळ दिसलं.